साथीचे भय आणि आजाऱ्याचा मान

स्मरणिका ही साधारणतः गौरवाची जागा असते. संस्थेने उभारलेल्या इमारती, दहावीचे निकाल, पुढे नावलौकिक मिळवलेले विद्यार्थी यांची नोंद तीत व्हावी, हे योग्यच आहे. तथापि निवासी शाळेची वाटचाल सांगताना २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे ‘महामारीमुळे शाळा बंद होती’ एवढ्या एका ओळीत संपवणे आम्हाला उचित वाटत नाही. त्या काळात समाजाची जी परीक्षा झाली, तिचा निकाल अद्याप कोणी नीट वाचलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आणि साथीबरोबर तिची आठवणही ओसरू लागली. म्हणूनच माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा विषय मांडण्याची हीच वेळ आहे, असे आम्ही मानतो.

साथीच्या काळात माणसाला दोन प्रकारचे भय असते. एक रोगाचे आणि दुसरे लोकांचे. रोग झाला तर जीव जाईल, हे पहिले भय. रोग झाल्याचे कळले तर दार बंद होईल, काम जाईल, मुलांशी कोणी बोलणार नाही, हे दुसरे. पहिले भय माणसाला सावध करते. दुसरे त्याला लपायला लावते. ज्या समाजात दुसरे भय पहिल्यापेक्षा मोठे होते, तेथे आजारी माणूस लपतो आणि त्याच्या आडून रोग फैलावतो. म्हणून आजाऱ्याचा मान राखणे हा केवळ करुणेचा विषय नाही. तो निरोगी माणसांच्याही सुरक्षिततेचा विषय आहे.

हे महाराष्ट्राला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळायला हवे होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ पुण्यात शिरला. प्लेग हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग. परंतु भयाची रीत तीच. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या हाती अधिकार आले आणि गोरे सोजीर घरोघर तपासणीसाठी शिरू लागले. रुग्ण शोधावा, वेगळा ठेवावा, घर स्वच्छ करावे हा हेतू शास्त्राला धरून होता. पण तो राबवताना माणसांच्या अब्रूची कोणी पर्वा केली नाही. परिणाम असा झाला की लोक प्लेगपेक्षा तपासणीला अधिक भिऊ लागले. रुग्ण लपवले गेले, मृत्यूही लपवले गेले.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, दुसरे एक उदाहरण घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातून त्यांनाही प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही घटना आपण दरवर्षी त्यागाची कथा म्हणून सांगतो. ती आरोग्यव्यवस्थेचा धडा म्हणूनही सांगितली पाहिजे. सोजिराला पाहून लोक दार लावून घेत होते. सावित्रीबाईंच्या पाठीवर मात्र आजारी मूल विश्वासाने दिले जात होते.

पुढे १९१८ साली इन्फ्लुएन्झाची विषाणुजन्य साथ आली. मुंबई शहरात तिने घेतलेल्या बळींचे त्या काळी समाजवार प्रमाण काढले गेले. युरोपीय लोकांत ते दर हजारी ८.३ होते; सरकारी वर्गीकरणाने ज्यांना ‘खालच्या जाती’ म्हटले होते, त्या हिंदूंत ते दर हजारी ६१.६ होते. विषाणू कोणाची जात विचारत नाही, हे खरे. पण खोलीत किती माणसे झोपतात, पाणी कोठून आणावे लागते, तापातही कामावर जावे लागते की नाही, हे आपल्या देशात जातीने ठरत आले आहे. शंभर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना कोरोनाची लागण होऊन गेल्याचे तीत आढळले. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. एकाच शहरात, एकाच हवेत, धोक्याची वाटणी इतकी विषम होती.

म्हणून ‘लोक बेफिकीर आहेत’ असा जो सरसकट आरोप त्या काळात ऐकू येई, तो आम्हाला मान्य नाही. बेफिकिरी होती, हे आम्ही नाकारत नाही. २०२१च्या आरंभी साथ गेली असे समजून लग्नाचे मांडव पुन्हा गजबजले, मुखपट्टी हनुवटीवर आली, आणि फेब्रुवारीअखेर अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लावण्याची पाळी आली. पण बेफिकिरी निराळी आणि नाइलाज निराळा. हौसेने गर्दीत जाणारा आणि पोटासाठी गर्दीत जाणारा, दोघेही दुरून सारखेच दिसतात. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याहून पायी आपल्या मध्य प्रदेशातील गावांकडे निघाले होते. त्यांनी नियम मोडला असे म्हणणे सोपे आहे. घरी थांबा, हा नियम ज्यांना हातचे काम आणि घर दोन्ही होते त्यांना समोर ठेवून केला होता, हे म्हणणे अधिक खरे आहे.

भय आणखी एक काम करते. ते कारण शोधत नाही, दोषी शोधते. साथीच्या आरंभी कोंबडीपासून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांवर पिल्ले पुरून टाकण्याची वेळ आली. ईशान्य भारतातील तरुणांना त्यांच्या चेहऱ्यांवरून हिणवले गेले. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर एका संपूर्ण धर्मसमाजाकडे बोट दाखवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी त्या मेळाव्याशी संबंधित परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले, आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असावे असे मत नोंदवले. डॉक्टर व परिचारिकांवरील हल्ले इतके वाढले की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राला त्या १८९७च्याच कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करून कठोर शिक्षेची तरतूद करावी लागली. ज्यांच्या हातांवर जीव सोपवायचा, त्यांनाच चाळीत आणि सोसायटीत जागा नाकारली जात होती.

‘सामाजिक अंतर’ हा शब्द त्या काळात सर्वांच्या तोंडी होता. संसर्ग टाळण्यासाठी दोन शरीरांत अंतर हवे, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला. मात्र आपल्याकडे जुनाच शब्द चालू राहिला. ज्यांच्या वाडवडिलांना गावाबाहेर राहावे लागले, ज्यांना चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या कानाला हा शब्द कसा लागला असेल, याचा विचार फारसा झाला नाही. अंतर शरीराचे असावे आणि ते आजारापुरते असावे. समाजात ज्याचे अंतर पाडले जाते, तो बरा झाल्यावरही दूरच राहतो. बाधितांच्या घरांवर लावलेल्या फलकांनी नेमके हेच केले. अखेर ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सक्षम प्राधिकाऱ्याच्या विशिष्ट आदेशाविना असे फलक लावू नयेत, असा निर्णय दिला.

याउलट जेथे माणसाला विश्वासात घेतले गेले, तेथे काय घडले याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला. दोन-अडीच चौरस किलोमीटरची वस्ती, लाखो माणसे आणि बहुतेकांसाठी सार्वजनिक शौचालये. घरातच अलग राहा, असे तेथे सांगण्यात अर्थच नव्हता. महापालिकेने स्थानिक खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले, घरोघर तपासणी केली, शाळा आणि सभागृहांत विलगीकरणाची सोय केली आणि तेथे जेवण दिले. जेवण हा येथे किरकोळ तपशील नाही. पोटाची चिंता मिटली की माणूस ताप लपवत नाही. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा आदराने उल्लेख केला.

समाज स्वतःहूनही संयम पाळू शकतो, हे आपल्या लोकांनी दाखवून दिले. १४ एप्रिल २०२० रोजी बाबासाहेबांची जयंती घराघरांत साजरी झाली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा झाला नाही, आणि ६ डिसेंबरला अनुयायांनी चैत्यभूमीला घरूनच अभिवादन केले. ज्यांच्यासाठी हे दिवस वर्षभराच्या ऊर्जेचे असतात, त्यांनी दुसऱ्याच्या जिवासाठी ते घरात पाळले. यामागे सोजीर नव्हते. समजून घेतलेला धोका आणि आपल्या माणसांविषयीची जबाबदारी एवढेच होते.

आता प्रश्न आमच्या-तुमच्या मुलांचा. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. पण निवासी शाळेत लहान साथी दरवर्षी येतात. गोवर, गालगुंड, कांजिण्या, खरूज, डोळे येणे, पावसाळ्यातील ताप. एकाच दालनात रांगेने झोपणाऱ्या, एकाच पंगतीत जेवणाऱ्या मुलांमध्ये यांपैकी काहीही पसरायला वेळ लागत नाही. येथे खरजेचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. ज्या मुलाला खरजेवरून चिडवले जाते, ते मूल हात बाहीत लपवते, मलम मागत नाही, आणि काही आठवड्यांत सगळे दालन खाजवू लागते. चिडवणाऱ्याला वाटते की आपण आजारापासून दूर राहिलो. प्रत्यक्षात त्याच्या चिडवण्यानेच आजार त्याच्या अंथरुणापर्यंत येतो. महामारीचे सारे शास्त्र या एका उदाहरणात मुलांना शिकवता येईल.

यासाठी काही साध्या गोष्टी व्हाव्यात, असे आम्ही सुचवतो. प्रत्येक वसतिगृहात आजारी मुलांसाठी खिडकीची, उजेडाची स्वतंत्र खोली असावी. ती अडगळीची खोली नसावी. तेथे ठेवलेल्या मुलाशी दिवसातून अनेकदा कोणीतरी बोलावे, त्याचा बुडालेला अभ्यास भरून द्यावा. शंभर टक्के हजेरीचे बक्षीस अनेक शाळांत दिले जाते; ताप अंगावर काढून वर्गात बसणाऱ्याचा त्यातून गौरव होतो, म्हणून त्याचा पुनर्विचार व्हावा. सुटीनंतर मुलाला सोडायला येणाऱ्या पालकांनी घरचा आजार मोकळेपणाने सांगावा, आणि सांगणाऱ्याला कोणी आडवे बोलू नये. वैद्यक, परिचर्या आणि आरोग्यसेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा. मुलांना प्रतिपिंड म्हणजे काय, लस काय करते, अफवा कशी तपासावी हे त्यांच्याच दादा-ताईंनी समजावून सांगितले, तर ते अधिक पटेल.

मोठ्यांसाठीही एक इशारा आहे. नव्या रोगाला आपण फार भितो आणि जुन्याला फार सोसतो. देशात २०१९ साली क्षयरोगाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती; २०२० साली ती १८ लाखांवर आली. क्षयरोग कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते आणि यंत्रणा दुसऱ्या कामात गुंतली होती. क्षयाचा खोकला घरात लपवण्याची सवय तर आपल्या वस्त्यांत फार जुनी आहे. मुलीचे लग्न मोडेल, या भयाने किती औषधोपचार अर्धवट राहिले असतील!

विनयपिटकात अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून सोबत्यांनी त्याची शुश्रूषा सोडली होती. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः स्वच्छ केले, मंचकावर निजवले, आणि मग संघाला बोलावून परस्परांच्या शुश्रूषेचे कर्तव्य सांगितले. त्यांनी आधी पाणी आणले आणि उपदेश नंतर केला, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

या शाळेतून बाहेर पडणारे मूल पुढे डॉक्टर होईल, शिक्षक होईल, शेती करील किंवा कारखान्यात जाईल. त्याच्या गावात, गल्लीत केव्हातरी एखादी साथ येईलच. त्या दिवशी शेजारच्या बंद दाराकडे पाहून ते काय करते, यावर आमच्या शिक्षणाचे मोल ठरेल. त्याने नाका-तोंडाला मुखपट्टी बांधावी, योग्य ते अंतर ठेवावे, आणि दारावर थाप मारून विचारावे, ‘काही हवे आहे का?’