फलक कोणाच्या मालकीचा?

ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते २०१९ साली बंद करण्यात आले. एक निमित्त होते नाझी सलामी नाकारून हात बांधून उभ्या राहिलेल्या जर्मन कामगाराचे छायाचित्र! निषेध म्हणून अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले आणि त्यांतील पुष्कळसे यथावकाश परतले. मालकीचा प्रश्न तसाच राहिला. २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलरना तेच ट्विटर एका धनिकाने विकत घेतले, तेव्हाही आपण हळहळलो, इतकेच.

जर्मनीतील ऑयगेन रॉख्को या तरुणाने २०१६ मध्ये खुली केलेली मॅस्टोडॉन ही प्रणाली कोणालाही स्वतःच्या सर्व्हरवर विनामूल्य चालवता येते. एका टपाल कचेरीतले पत्र दुसरीत पोचावे, तसे एका सर्व्हरवरील सभासदाचे लेखन दुसऱ्यावर पोचते. लहान गटाला महिना हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो.

खरा खर्च श्रमांचा आहे. प्रणाली अद्ययावत ठेवणे, साठलेली चित्रे काढणे, मजकुराच्या प्रती राखणे, शिवीगाळ निस्तरणे हे सारे एकाच उत्साही तरुणावर सोपवले की तो थकतो आणि सर्व्हर बंद पडतो. (आपली कित्येक वाचनालये अशीच मिटली.) सभासदांना खाते अन्यत्र हलवता येते, पण जुने लेखन मागेच राहते.

सोशल.कोऑप हा सर्व्हर २०१७ पासून सभासदांच्या वर्गणीवर, सहकारी तत्त्वाने चालतो. सहकाराचा एवढा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात जिल्हा शाखांना हे अशक्य का वाटावे? वर्गणी ठरवावी, पाळीपाळीने काम पाहणारे तिघे नेमावेत, हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवावा. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी सूचना आहे.