नोंद पूर्ण हवी, प्रसारण जपून

भोपाळच्या अयोध्या नगरातल्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी जबलपूर गाठावे लागते. भोपाळ राजधानी असली तरी इथे खंडपीठ नाही. 300 किलोमीटरवर आपल्या वकिलाने काय मांडले, ते थेट प्रक्षेपणामुळे त्याला घरी बसून पाहता येऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्वप्नील त्रिपाठी प्रकरणात हे दार उघडले, ते योग्यच होते. मात्र पुढे त्याच चित्रणाचे तुकडे भडक मथळ्यांखाली फिरू लागले आणि 2024 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाला असे तुकडे फिरवण्यास अंतरिम मनाई करावी लागली.

ही ओढाताण जुनी आहे. ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाविरुद्धच्या दाव्यात एका साक्षीदाराने प्रसिद्धीमुळे धंदा बुडतो अशी तक्रार केली. न्या. तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापण्यास मनाई केली. 1966 मध्ये या मनाईला आव्हान देणाऱ्या मिरजकर प्रकरणात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर आणि बहुमताने ती उचलून धरली. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले. साक्षीदाराची भीती खरी होती, तसाच खुल्या न्यायाचा आग्रहही.

माझी खरी काळजी कनिष्ठ न्यायालयाची आहे. तिथे फौजदारी खटल्यातली जबानी सहसा सलग निवेदनासारखी लिहिली जाते. खटल्यांचा ढीग पाहता ही पद्धत सोयीची आहे, हे मान्य. पण वकिलाचा प्रश्न त्यात विरून जातो आणि अडखळत दिलेला होकार ठाम वाक्य होऊन बसतो. अपिलात न्यायाधीशांपुढे उरतो तो हाच कागद. ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा कायद्यात आहे.

कंपनीच्या बैठकांच्या नोंदीचे गणित वेगळे. प्रत्येक शब्द टिपला तर संचालक मोकळेपणाने बोलणार नाहीत. म्हणूनच 2013 च्या कंपनी कायद्यात 30 दिवसांत थोडक्यात इतिवृत्त पुरते, आणि कंपनीच्या हिताला बाधक मजकूर अध्यक्ष वगळू शकतात. दुसरीकडे, भागधारकाला सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहता येते, संचालक मंडळाचे नाही. विरोध करणाऱ्या संचालकाचे नाव लिहावेच लागते. सोबत त्याचे कारणही यावे, एवढी भर मला पुरेशी वाटते.

न्यायालयात मात्र थोडक्यात भागू नये. प्रत्येक साक्षीचे मुद्रण व्हावे, पक्षकारांना त्याची प्रत मिळावी. सार्वजनिक प्रक्षेपण न्यायाधीशांनी खटला पाहून ठरवावे. यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल. तोवर जबानी साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवण्याचा नियम तरी सावकाश पाळला जावा, सहीआधी.