तिजोरी कोणाची, मैदान कोणाचे?

सन २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला देण्याचा निर्णय २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे झाला. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपले सरकार उत्सुक आहे. त्याच नोव्हेंबरात दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम पाडून तेथील १०२ एकरांवर नवी 'क्रीडानगरी' वसविण्याचा मनोदय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडून प्रकट झाला. तेव्हा येती काही वर्षे स्टेडियमांची भाषा आपल्या कानी वारंवार पडणार, हे उघड आहे. या भाषेला आक्षेप घेणारा एक व्यवहारी वर्गही आहे. त्याचे म्हणणे असे की, स्टेडियम हा पांढरा हत्ती. वर्षातून चार दिवस गजबजतो आणि उरलेले दिवस खायला उठतो. त्यापेक्षा शहराने कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे भव्य परिषदगृह बांधावे. तेथे बारमाही परिषदा व प्रदर्शने भरतील, पाहुणे येतील, हॉटेले चालतील आणि पैसा खेळता राहील.

हा युक्तिवाद वरवर पाहता हिशेबी वाटतो. परंतु 'स्टेडियम की परिषदगृह?' असा प्रश्न मांडण्यातच एक फसगत दडलेली आहे, असे आमचे मत आहे. दोन्ही पक्षांनी सार्वजनिक तिजोरी गृहीत धरलेली आहे; तिची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, एवढ्यापुरताच त्यांचा वाद आहे. ज्याच्या घामाने ती तिजोरी भरते त्याला या वादात जागाच नाही.

हा प्रश्न हवेत न ठेवता एका शहराच्या अनुभवावर घासून पाहणे इष्ट ठरेल. गेल्या चार दशकांत दिल्लीने हे दोन्ही प्रयोग सरकारी पैशाने केले आहेत. प्रथम स्टेडियमांचा हिशेब पाहू. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी नेहरू स्टेडियमासह अनेक बांधकामे घाईघाईने उभी राहिली. त्या कामांवरील मजुरांसाठी दिवसाला ९ रुपये २५ पैसे किमान वेतन ठरलेले होते; पण मजूर पुरविणारा जमादार त्यातून रुपया कापून घेई आणि मजुराच्या हाती सव्वाआठ रुपये पडत. 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय, असा ऐतिहासिक निर्णय न्यायालयाने सप्टेंबर १९८२ मध्ये दिला. आपल्या कामगार चळवळीला हा निर्णय आजही शस्त्रासारखा उपयोगी पडतो.

परंतु निर्णय ग्रंथात राहिला आणि व्यवहार जुन्याच वाटेने चालला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी त्याच संघटनेला पुन्हा, या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाचे, दार ठोठवावे लागले. न्यायालयाने नेमलेल्या समितीला किमान वेतन बुडविले जात असल्याचे आणि मजुरांच्या निवाऱ्याची दैना झाल्याचेच आढळले. मे २००३ मध्ये ज्या स्पर्धांचा खर्च सुमारे १,२०० कोटी रुपये सांगण्यात आला होता, त्यांचा आकडा महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालात १८,५०० कोटींवर गेलेला दिसतो. क्रीडाग्राम बांधणारी खासगी कंपनी अडचणीत येताच सरकारी विकास प्राधिकरणाने तिच्याकडून ३३३ सदनिका विकत घेऊन तिला तारले. याच काळात अनुसूचित जातींच्या उत्कर्षासाठी राखलेल्या विशेष घटक योजनेतील सुमारे ७०० कोटी रुपये दिल्ली सरकारने स्पर्धांशी निगडित कामांकडे वळविले. माहिती अधिकारातून हे उघड झाल्यावर, असे व्हायला नको होते, हे तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांना ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत मान्य करावे लागले. धनिकाचे नुकसान भरून काढायला तिजोरी उघडली आणि दलिताच्या वाट्याचे त्याच तिजोरीतून काढून घेतले. समाजवादी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

नेहरू स्टेडियमाच्या नूतनीकरणावर त्या वेळी सुमारे ९६० कोटी रुपये खर्च झाले. पंधरा वर्षांत तीच वास्तू पाडण्याची भाषा सुरू झाली आहे. मधल्या काळात खेळाडूंना तिचा लाभ किती झाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे झालेल्या एका गायकाच्या जलशानंतर धावपट्टीवर कचरा आणि बाटल्यांचा खच पडला व सराव करणाऱ्या मुलांना तो स्वतः उचलावा लागला. याच स्पर्धांसाठी बांधलेल्या त्यागराज स्टेडियमात मे २०२२ मध्ये खेळाडूंना सायंकाळी सातच्या सुमारास बाहेर काढले जात असे. कारण तेथे एका उच्चपदस्थ सनदी अधिकाऱ्याला आपला कुत्रा फिरवायचा असे. वृत्तपत्राने हे छापल्यावर दिल्ली सरकारने क्रीडासंकुले रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याचा आदेश काढला. हा आदेश मुळातच का नव्हता, हा खरा प्रश्न आहे.

आता परिषदगृहाची बाजू पाहू. प्रगती मैदान हे दिल्लीच्या सामान्य माणसाचे जत्रेचे ठिकाण. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी वास्तुरचनाकार राज रेवाल आणि अभियंते महेंद्र राज यांनी तेथे 'हॉल ऑफ नेशन्स' उभारला. पोलादाची चणचण असलेल्या देशाने आपल्या मजुरांच्या हातांनी काँक्रीटमध्ये घडविलेली ती वास्तू स्वावलंबनाची खूण होती. एप्रिल २०१७ मध्ये ती रातोरात पाडण्यात आली. तिच्या परिसरात सुमारे २,७०० कोटी रुपयांचे नवे संकुल उभे राहून जुलै २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मैदानावरील ३.७ एकर जमीन पंचतारांकित हॉटेलासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यास मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१९ मध्येच मान्यता दिली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये येथे जी-२० परिषद भरली. तिच्या काही महिने आधी मैदानाजवळच्या जनता कॅम्प या वस्तीतील झोपड्या जमीनदोस्त झाल्या होत्या. परिषदेच्या सुशोभनासाठी एकही घर पाडलेले नाही, असे सरकारने संसदेत सांगितले. घर गेलेल्याला पाडण्याच्या कारणाची व्युत्पत्ती कळून काय उपयोग? परिषद आटोपून आठवडा होतो न होतो तोच १७ सप्टेंबरला द्वारका येथे सुमारे ५,४०० कोटींच्या दुसऱ्या परिषदगृहाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले.

१९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडून राज्यकर्त्यांना निरुत्तर केले होते. त्यांची रीत साधी होती: वरच्याच्या खर्चाशेजारी खालच्याचे उत्पन्न मांडायचे. तीच रीत येथे वापरू. दिल्लीतील या दोन परिषदगृहांचा खर्च ८,१०० कोटी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात साऱ्या देशातील 'खेलो इंडिया' योजनेसाठी तरतूद १,००० कोटींची. युवक कल्याण व क्रीडा या संपूर्ण मंत्रालयाची ३,७९४ कोटींची. पाहुण्यांच्या दोन दिवाणखान्यांवर जेवढा पैसा ओतला, तो सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशात क्रीडा व युवक कल्याणासाठी केंद्र वर्षभरात जे देऊ करते त्याच्या दुपटीहून अधिक आहे.

यावर अर्थशास्त्राच्या परिभाषेत उत्तर दिले जाते की, हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक आहे. गुणक परिणामाने तो रुपया अनेक हातांतून फिरेल. गुणकाचा सिद्धान्त खोटा नाही. मात्र त्याच्या अटी विसरून चालत नाही. सामन्याच्या तिकिटावर दिल्लीकर कुटुंब जे ५०० रुपये खर्च करते, ते एरवी नाटक-सिनेमावर किंवा बाजारात खर्च झालेच असते. तेथे पैसा वाढत नाही, जागा बदलतो. या वादाचे माहेर जी अमेरिका, तेथे रॉजर नोल व अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी १९९७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाचा निष्कर्ष हाच होता की, सरकारी अनुदानाने बांधलेली स्टेडियमे स्थानिक अर्थव्यवस्थेला उभारी देत नाहीत.

परिषदगृहाच्या कैवाऱ्यांचा मुद्दा थोडा अधिक सबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा पाहुणा बाहेरगावचा असतो, त्यामुळे तो आणतो तो पैसा शहरापुरता तरी नवा असतो. पण हेच सूत्र प्रत्येक शहराने धरले तर? परिषदा काही परिषदगृहांबरोबर वाढत नाहीत. मग दिल्लीचा पाहुणा मुंबईने, मुंबईचा हैदराबादने आणि हैदराबादचा गांधीनगरने पळवायचा, आणि त्यासाठी भाड्यात सवलती द्यायच्या, हाच खेळ उरतो. हेवूड सँडर्स यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकी शहरांच्या अशाच चढाओढीचे चित्र तपशिलाने रेखाटले आहे. शिवाय आलेला पैसा मुख्यतः मोठ्या हॉटेलांच्या गल्ल्यात पडतो. झाडूवाल्याच्या आणि वाढप्याच्या वाट्याला कंत्राटी रोजंदारी येते.

दोन्ही एकत्र केले तर तोटा टळेल, असेही काहींना वाटते. सेंट लुईस शहराने तो प्रयोग केला. परिषदगृहाला जोडूनच १९९५ मध्ये झाकलेले स्टेडियम उभारले. राज्य, शहर व परगणा मिळून त्याच्या कर्जापोटी वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर भरत. ते स्टेडियम देशातील उत्तम एकचतुर्थांशात राहिलेच पाहिजे, अशी अट फुटबॉल क्लबाने करारात घालून घेतली होती. त्या अटीच्या आधारे क्लब करारातून मोकळा झाला आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेला. कर्ज मात्र नागरिकांच्या माथी राहिले. पुढे खटल्यातून तडजोडीची मोठी रक्कम मिळाली खरी, पण ती करारातून नव्हे, कोर्टकचेरीतून. त्याच वर्षी सान डिएगोच्या मतदारांना स्टेडियम व परिषदगृहाची अशीच जोड योजना मतपत्रिकेवर दाखविण्यात आली आणि त्यांनी ती बहुमताने नाकारली. भांडवलशाहीच्या त्या माहेरघरातही नागरिकाला निदान विचारले तरी गेले. आपल्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशके उलटली, तरी मुंबई-पुण्यासह अनेक महापालिका २०२२ पासून दीर्घकाळ निर्वाचित सभागृहाविना प्रशासकांनी चालविल्या. तेथे विचारणार कोण आणि कोणाला?

मग आमचा पक्ष कोणता? दोन्ही वास्तू सारख्याच त्याज्य, असे म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. स्टेडियम लोकांच्या मालकीचे असेल आणि त्याचे दार उघडे असेल तर ते मैदान होऊ शकते; सकाळी तेथे वस्तीतील मुलगी धावू शकते. चकचकीत परिषदगृहाला ही शक्यता जवळजवळ नसते. त्याची उपयुक्तता निमंत्रितांपुरतीच असते. प्रगती मैदानावर १९८० पासून भरणारा व्यापार मेळा सामान्यांना खुला आहे, तेथे कारागीर व छोटे उत्पादक आपला माल मांडतात, हे खरे. पण त्याचे श्रेय मोकळ्या मैदानाला आणि सार्वजनिक संस्थेला आहे. गालिचे अंथरलेल्या सभागृहाला नाही.

सार्वजनिक पैशाने क्रीडागार बांधूच नये, असे महाराष्ट्राला तरी सांगता येणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान बांधले आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभारले. स्टेडियम आणि सभागृह शेजारी शेजारी! परंतु त्याच राजाने आधी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, गावोगावच्या मल्लांना आश्रय दिला आणि पुढे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणालाही हात घातला. खालचा पाया घालून वरचा कळस चढविला. स्वातंत्र्यानंतर मात्र याच भागातल्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. त्यांनी आणलेले कांस्यपदक तालमीच्या मातीतून आले होते, सरकारी काँक्रीटमधून नव्हे.

तेव्हा आपल्या नगरसेवकांनी आणि कार्यकर्त्यांनी यापुढे अशा कोणत्याही प्रकल्पाला चार कसोट्या लावाव्यात. पहिली, समारंभानंतरच्या दहा वर्षांचा देखभाल-खर्च आणि संभाव्य तूट खर्च मंजूर होण्यापूर्वी वॉर्डसभेपुढे मांडली पाहिजे. दुसरी, तूट सार्वजनिक असेल तर मालकी व नफाही सार्वजनिकच असला पाहिजे. जमीन आपली आणि गल्ला दुसऱ्याचा, हे चालणार नाही. तिसरी, किमान वेतन, निवारा व सुरक्षितता यांची जबाबदारी ठेकेदारावर ढकलता येणार नाही. मूळ मालक म्हणून ती सरकारनेच उचलावी आणि दुर्बलांसाठी राखलेला एक पैसाही वळवू नये. चौथी, पुनर्वसन झाल्यावाचून एकही घर हलू नये. आणि विकास आराखड्यात मैदानांसाठी आरक्षित असलेल्या जागा आधी ताब्यात घेऊन मुलांना खुल्या कराव्यात, मगच नव्या स्टेडियमाचे नाव काढावे.

यातील शेवटचे काम आजपासून हाती घेण्यासारखे आहे. आपापल्या वॉर्डाचा विकास आराखडा मिळवावा, त्यातील मैदानांची आरक्षणे मोजावीत, प्रत्यक्ष जागेवर जाऊन तेथे काय उभे आहे ते पाहावे आणि ती यादी भिंतीवर लावावी. अहमदाबादच्या दिव्यांचा झगमगाट २०३० मध्ये दिसेल तेव्हा दिसेल. आपल्या गल्लीतील मैदानाचा जाब विचारायला तोवर थांबण्याचे कारण नाही.