ठाण्याला जाब कोण विचारणार?

नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो ते वर्धा जिल्ह्यातील जाम. समुद्रपूर तालुक्यातल्या या चौकात वाहने अडवायला पोलीस असतात. पण जवळच्या एखाद्या वस्तीतील मजूर बाई अत्याचाराची तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढली, तर तिची तक्रार लिहून घेतली की तिला परत पाठवले, हे कोण तपासणार?

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, हा त्यातलाच एक. त्यानंतर सातच दिवसांनी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यातल्या मायलेकी मारहाणीच्या एका प्रकरणात साक्षीदार होत्या. त्यांना संरक्षण मिळाले नाही. पोलीस निलंबित झाले, तेही समाज रस्त्यावर उतरल्यावर!

महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला तो २०१४ साली. निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली तक्रार प्राधिकरण आले. पण कारण नोंदवून त्याचा अहवाल फेटाळण्याची मुभा शासनाने स्वतःकडे ठेवली. मग ही देखरेख की देखावा? डिसेंबर २०२४ मध्ये परभणी प्रकरणात अटक झालेला आंबेडकरी तरुण कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ तर थेट अधिकाऱ्यालाच बांधते. तक्रार नोंदवणे, ती वाचून दाखवूनच सही घेणे, प्रत लगेच देणे, साठ दिवसांत तपास करून दोषारोपपत्र ठेवणे ही त्याची कर्तव्ये. ती जाणूनबुजून टाळली तर सहा महिने ते एक वर्ष कैद. मात्र २०१५ च्या दुरुस्तीने, २०१६ पासून, प्रशासकीय चौकशीच्या शिफारशीशिवाय त्याच्यावर गुन्हाच दाखल होत नाही. म्हणजे कुलूप कायद्याचे आणि किल्ली साहेबांच्या खिशात!

तरीही एक दार उघडे आहे. १९९५ च्या नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झालीच पाहिजे. तपास कुठे अडला, पीडितांना मदत मिळाली का, अधिकाऱ्यांनी काय केले, याचा आढावा तिने घ्यायचा आहे. राज्य समितीचे अध्यक्ष मुख्यमंत्री; तिच्या बैठका वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत.

कार्यकर्त्यांनी मोर्चे काढावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. माहितीच्या अधिकारात या बैठकांची इतिवृत्ते मागावीत. बैठक किती वेळा झाली? आपल्या तालुक्यातील किती प्रकरणे तिच्यापुढे आली? कलम ४ खाली किती अधिकाऱ्यांची चौकशी झाली? संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, असे बाबासाहेबांनी १९४९ मध्येच बजावले होते. राबवणाऱ्यांना जाब विचारणे हे आता आपले काम आहे. जाम-समुद्रपूरच्या कार्यकर्त्यांनी पहिला अर्ज वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा.