उन्हाळ्याआधीचे ऊन आणि सायकलस्वार

फेब्रुवारीअखेर पुण्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पारा अनेकदा ३५ अंशांवर जातो. कमाल तापमानाच्या सरासरीत २०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा निकष किमान ४० अंश असल्याने या उन्हाचा इशारा मिळत नाही. शरीराला मात्र उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. शिवाय सायकलवर वाऱ्याने घाम सुकतो, तो किती गेला हे कळत नाही. हौशी सायकलपटू पहाट निवडू शकतो. दुपारच्या पाळीला निघालेल्या कामगाराला ती मुभा नाही. त्याने तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे, चक्कर-मळमळ होताच सावलीत थांबावे. कोणी असंबद्ध बोलू लागल्यास अंगावर पाणी ओतून तातडीने रुग्णालय गाठावे.