कोड लावणं म्हणजे मसिकर्मच



आपल्या समाजातल्या कितीतरी मुली-सुना आता मेडिकल कोडिंग करतात. कुणी बी.फार्म., कुणी होमिओपॅथी, कुणी साधी बी.एस्सी. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी इथे बसून वाचायच्या आणि पेशंटच्या भेटीला कोड लावायचा. मीही हेच काम करते. स्वाध्यायाला मला एक प्रश्न हमखास येतो : "त्यात जिलेटिनच्या कॅप्सूल असतात ना गं, मग आपल्याला चालतं का?" कोड खरा लावतेस का, हे मात्र आजवर कुणीच विचारलेलं नाही. उलट, "आकडेच तर आहेत, त्यात कसलं पाप?" असं आपल्याच बायका म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही.

हे आकडे काय आहेत ते आधी बघा. बाह्यरुग्ण भेटीत नव्या पेशंटसाठी ९९२०२ ते ९९२०५ आणि जुन्यासाठी ९९२११ ते ९९२१५. आकडा चढला की बिल चढतं. २०२१ पासून भेटीची पातळी दोनच गोष्टींवर ठरते : डॉक्टरांना किती अवघड निर्णय घ्यावा लागला, किंवा त्या दिवशी त्यांचा एकूण किती वेळ गेला. वेळेवर जायचं तर जुन्या पेशंटच्या ९९२१३ ला किमान २० मिनिटं लागतात, ९९२१४ ला ३० आणि ९९२१५ ला ४०. निर्णयावर जायचं तर तीन गोष्टी बघायच्या : आजार किती आणि कसे, कोणते रिपोर्ट तपासले, उपचारात जोखीम किती. तीनपैकी दोन त्या पातळीला पोचल्या पाहिजेत.

आता साधी सर्दी झालेला जुना पेशंट आला, डॉक्टरांनी वाफ घ्या, विश्रांती घ्या म्हणून पाठवलं, तर ते ९९२१२. त्याला ९९२१४ लावणं म्हणजे काट्यावर बोट ठेवणं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आहे. किराणा दुकान असलेल्या घरांतून आलेल्या आपण, आपल्याला तो समजावून सांगायला नको.

पण दुसरी बाजूही आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बीपी आणि शुगर दोन्ही ताब्यात आहेत, डॉक्टरांनी दोन्ही तपासून गोळ्या तशाच चालू ठेवल्या. दोन जुनाट आजार, शिवाय चिठ्ठीच्या औषधांचा निर्णय, म्हणजे हे ९९२१४ होतं. "पेशंट तर ठणठणीत आहे, ९९२१३ टाकू, ऑडिटमध्ये कुणी बोलणार नाही," असं म्हणणाऱ्या मुली स्वतःला पापभीरू समजतात. मी त्याला भित्रेपणा म्हणते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख लिहिणं. रक्कम कमी दाखवली म्हणून खोटा लेख खरा होत नाही. ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी अशी जी सहा कर्मं सांगितली, त्यांतलं मसि म्हणजे लेखणीचं काम. तेच आपण करतो, दौतीऐवजी कीबोर्ड आहे एवढंच.

निदानाचंही तेच. डॉक्टर लिहितात, "न्यूमोनिया असावा." बाह्यरुग्ण नोंदीत संशयाचं निदान पक्कं म्हणून लावता येत नाही. खोकला, ताप, जे दिसलं ते लावायचं. घाईत न्यूमोनिया लावला, तर त्या माणसाला न झालेला आजार त्याच्या कागदांवर राहतो. अनेकांत शिकलेल्या बायकांना 'असावा' आणि 'आहे' यांतला फरक नियमाच्या पुस्तकाने शिकवावा लागतो, याचं मला नवल वाटतं.

मग ठरलेलं उत्तर येतं : "पैसे विमा कंपनीचे जातात, गरिबाचे थोडेच?" चूक. तिथे बऱ्याच विम्यांत वर्षाची ठरावीक रक्कम आधी पेशंटच्या खिशातून जाते. ती भरून झाली नसेल, तर वाढीव कोडचा सगळा भार त्याच्यावरच पडतो. पासष्टीपुढच्यांच्या सरकारी मेडिकेअरमध्ये ती रक्कम भरल्यावरही डॉक्टरच्या भेटीचा साधारण २० टक्के भाग पेशंटकडे येतो. आपण एक आकडा चढवला की तिकडे कुणीतरी एकटी राहणारी आजी पर्स उघडते. आणि सरकारकडे खोटा दावा करण्याविरुद्धचा तिथला कायदा १८६३ सालचा आहे, यादवी युद्धात सैन्याला भेसळीचा माल विकणाऱ्यांसाठी केलेला. म्हणजे त्यांनीही हा गुन्हा भेसळीच्या रांगेतच बसवला.

"कोड डॉक्टरांनी निवडला, मी नुसता पुढे पाठवला." हे तर आपल्या तोंडी शोभतच नाही. कृत, कारित, अनुमोदना हे आपण पाठशाळेत घोकलं, ते काय फक्त कंदमुळांसाठी?

माझा खरा राग मात्र या मुलींवर नाही. तासाला इतक्या नोंदी झाल्याच पाहिजेत असा आकडा वरून येतो, आणि त्या वेगात दोन पानांची नोंद वाचून होत नाही. मग डोळा जातो तो फक्त डॉक्टरांनी टाकलेल्या कोडवर. म्हणून माझं सांगणं एवढंच. नोंदीत आधार नसेल तर कोड बदलू नका आणि पुढेही ढकलू नका. डॉक्टरांना लेखी विचारा, ती कामाचीच रीत आहे. आणि तासाच्या आकड्याबद्दल एकटीने बोलायला जाऊ नका. "हिचा हात सावकाश आहे" म्हणून बोळवण होते. पाच-सहा जणी मिळून, कुठल्या नोंदीला किती मिनिटं लागली ते आठवडाभर लिहून ठेवा आणि तो कागद टीम लीडपुढे ठेवा.