डॉक्टरांना कशाला सांगायचं?

आमच्या नवागाममध्ये हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! उपास सांगायचा नाही, वैद्याचं चूर्ण सांगायचं नाही, चार दिवस गोळी चुकली हे तर मुळीच नाही. का, तर डॉक्टर रागावतात. अहो, रागावू देत की!

माझ्या सासूबाईंना मधुमेहाची गोळी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं 1-0-1. सकाळी एक, रात्री एक, जेवणाच्या वेळी. डॉक्टरांची रात्र नऊ वाजता, ताटावर बसल्यावर. सासूबाईंचा तिविहार, सूर्यास्तानंतर फक्त पाणी, तेही औषधाची सूट ठेवून. त्या सहाला जेवायच्या आणि ‘रात्रीची’ गोळी झोपताना दहाला, जेवणानंतर चार तासांनी. एका पहाटे घामाने भिजलेल्या, हातपाय थरथरतायत, मला ओळखेनात. साखर 48. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, आम्ही सांगितलं नव्हतं. दोघेही तेवढेच दोषी, असं मला म्हणवत नाही. विचारणं हे ज्याचं शिक्षण, त्याचा दोष जास्त. पण पडलं आमचं माणूस.

दुसरं दुखणं भाषेचं. नवागाम-डिंडोलीत निम्मी वस्ती खान्देशची, जळगाव-नंदुरबारच्या गाडीने उधन्याला उतरलेली. बाईच्या अंगावरून जातं, डॉक्टर गुजराती. मग नवरा दुभाषा होतो आणि म्हणतो, “साहेब, कमजोरी छे.” संपलं! ताकदीची बाटली घेऊन दोघं घरी. तपासणीच्या वेळी नवऱ्याला पाच मिनिटं बाहेर बसवलं तर काय बिघडतं? आपली शेजारीण न्यावी सोबत, गुजराती येणारी.

आणि विचारायला घाबरायचं काय? आपण भीक मागत नाही. 2008 साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, उपचाराआधी रोग्याला पुरेशी माहिती देऊन संमती घ्यावी. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत तर आपले कागद मागितले की 72 तासांत द्यावेत असं आहे. आपण फाइलसुद्धा मागत नाही. ‘वाईट दिसतं’ म्हणे. साडी घेताना चार दुकानं फिरतो, पदर उलटा करून बघतो, तेव्हा नाही वाईट दिसत!

त्या पहाटेनंतर मी कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून काढलं. उठणं, जेवण, गोळ्या, चूर्ण, सगळ्याच्या वेळा. नवीन डॉक्टरांनी कागद वाचला, संध्याकाळची गोळी जेवणाबरोबर करून दिली, मात्रा कमी केली. मग चष्म्यावरून बघत विचारलं, “पर्युषणात उपास करता ना?”

सासूबाई म्हणाल्या, “संवत्सरीला एकच.”

“आणि त्या दिवशी गोळी?”

“घेते की. औषध कसं सोडायचं?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. ते मी कागदावर लिहिलंच नव्हतं.